तीनशे सहा वगळताना : ठाण्यातल्या एका प्रत्यर्पणाचा प्रकरण अभ्यास

परदेशात पळालेला आरोपी त्या देशाकडून रीतसर मागून आणणं म्हणजे प्रत्यर्पण. या प्रकरणात मी फसवल्या गेलेल्या ठेवीदारांच्या समितीची वकील होते, अजूनही आहे. माणसांची आणि कंपनीची नावं दिलेली नाहीत, ओळख पटू नये म्हणून काही तपशील इकडचे तिकडे केले आहेत. कायद्याचा भाग मात्र आहे तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

कंपनीचं ऑफिस नौपाड्यात पहिल्या मजल्यावर होतं, खाली साड्यांचं दुकान. योजना कुणालाही कळेल अशी: लाख ठेवा, दरमहा अडीच हजार घ्या, दोन वर्षांनी मुद्दल परत. पावती पिवळ्या कागदावर आणि सोबत शंभरच्या बाँडवर करार. २०१४ पासून चार वर्षं पैसे तारखेला खात्यात येत राहिले. त्या भरवशावर लोकांनी भावाला नेलं, विहिणीला नेलं, सोसायटीच्या वॉचमनलाही नेलं. कळवा, मुलुंड, डोंबिवली, ऐरोली, कोपरखैरणे असे मिळून ६०० हून जास्त ठेवीदार झाले आणि रक्कम ३८ कोटींच्या आसपास गेली.

ऑक्टोबर २०१८ पासून चेक परत येऊ लागले. डिसेंबरात संचालक 'आठ दिवसांत येतो' असा मेसेज ग्रुपवर टाकून दुबईला गेला. जानेवारी २०१९ मध्ये गुन्हा दाखल झाला. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेची ४२०, ४०६, ४०९, १२० ब ही फसवणूक, विश्वासघात आणि कटाची कलमं लागली, आणि ठेवीदारांच्या हितरक्षणासाठी राज्यानं १९९९ मध्ये केलेल्या कायद्याचं, म्हणजे ज्याला आम्ही सगळे एमपीआयडी म्हणतो त्याचं, कलम ३. लुकआऊट सर्क्युलर, म्हणजे देशाबाहेर जाताना अडवायची सूचना, निघालं तेव्हा तो जाऊन पाच आठवडे झाले होते.

मार्चमध्ये कळव्यातल्या एका ठेवीदारानं आत्महत्या केली. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. स्वतःची ग्रॅच्युइटी आणि विधवा बहिणीचे चार लाख त्यांनी या योजनेत घातले होते. मागे दीड पानाची चिठ्ठी होती आणि तिच्यात संचालकाचं नाव दोनदा आलं होतं. पोलिसांनी कलम ३०६, आत्महत्येस प्रवृत्त करणं, वाढवलं. या लेखात पुढे जे येणार आहे त्यातलं बरंचसं या एका कलमाभोवती फिरतं.

दोषारोपपत्र ऑगस्ट २०१९ मध्ये दाखल झालं. तोपर्यंत संचालक दुबईहून ब्रिटनला पोचला होता.

अडचण

समितीची पहिली मोठी बैठक पाचपाखाडीतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या कमी पडल्या म्हणून लोक जिन्यावर बसले होते. प्रश्न एकच, वेगवेगळ्या तोंडांनी: "मॅडम, इंग्लंडशी करार आहे ना आपला? मग उचलून का नाही आणत?"

करार आहे. २२ सप्टेंबर १९९२ चा. पण करार असला म्हणजे त्या देशानं माणूस आपल्या हाती द्यायचं कबूल केलंय असं होत नाही. कुठल्या अटींवर देऊ आणि कुठल्या कारणांनी नाही म्हणू, हे त्यानं आधी लिहून दिलेलं असतं. आपणही दिलेलं आहे. आपल्या १९६२ च्या प्रत्यर्पण कायद्याचं कलम ३१ उघडून पाहा. गुन्हा राजकीय स्वरूपाचा असेल, मागणाऱ्या देशाच्या कायद्यानुसार मुदतबाह्य झाला असेल, किंवा दिल्यावर भलत्याच गुन्ह्यासाठी खटला चालवणार नाही याची हमी नसेल, तर भारतही कुणाला सोपवत नाही.

दुसरी गोष्ट लोकांच्या पचनी पडायला जड गेली. लंडनमधल्या न्यायालयासमोर 'यानं पैसे खाल्ले का' हा प्रश्न नसतोच, तो ठाण्याच्या न्यायालयाचा. तिथे २००३ च्या ब्रिटिश प्रत्यर्पण कायद्याप्रमाणे प्रश्नांची उतरंड असते. हे कृत्य इथे घडलं असतं तर इथेही गुन्हा ठरला असता का? याच आरोपावर आधीच खटला होऊन गेलाय का? मागणीमागे धर्म, वंश, राजकीय मत असं काही आहे का? इतका काळ लोटलाय का की आता पाठवणं अन्यायाचं होईल? प्रथमदर्शनी पुरावा आहे का? तिथे पाठवलं तर त्याचे मानवी हक्क शाबूत राहतील का? तब्येत झेपेल का? अमेरिकेकडून मागणी आली तर ब्रिटन प्रथमदर्शनी पुरावा मागत नाही, भारताकडून आली तर मागतो. हे बैठकीत सांगितलं आणि नंतरची दहा मिनिटं फक्त त्यावर आरडाओरडा झाला. राग रास्त होता, पण तो मनात ठेवून मसुदा लिहिता येत नव्हता.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे, या सगळ्यात ठेवीदार कुणीच नसतात. मागणी भारत सरकारची, ती परराष्ट्र मंत्रालयामार्फत जाते, आणि लंडनमध्ये भारताची बाजू तिथली सरकारी अभियोग सेवा मांडते. समितीच्या हातात एवढंच: तपास अधिकाऱ्याला कागद मिळवून द्यायचे, विशेष सरकारी वकिलांना मदत करायची, आणि मध्ये घाण करायची नाही. हे शेवटचं आम्हाला पुरतं जमलं नाही. ते पुढे येईलच.

पर्याय

चार रस्ते समोर होते.

सोपा रस्ता म्हणजे प्रत्यर्पणाच्या नादी न लागता मालमत्तेमागे जाणं. एमपीआयडीखाली मालमत्ता जप्त करून सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत विकता येते, त्यासाठी आरोपी हजर असावाच लागतो असं नाही. माझं मत सुरुवातीपासून हे काम आधी करावं असं होतं, आणि आम्ही ते जोडीनं चालू ठेवलंही. पण हॉलमधल्या लोकांना माणूस हवा होता.

दुसरा, पासपोर्ट रद्द करून घेऊन त्याला तिथून हाकलायला लावणं. ऐकायला झकास. प्रत्यक्षात पासपोर्ट रद्द झाला म्हणून ब्रिटन कुणाला विमानात बसवत नाही. रेड नोटीसचंही तेच. इंटरपोलची नोटीस म्हणजे वॉरंट, असं निम्म्या ठाण्याला वाटतं. ती एक सूचना असते, तिला किती किंमत द्यायची ते ज्याचा तो देश ठरवतो.

उरलेले दोन रस्ते प्रत्यर्पणाच्याच मागणीचे होते, आणि त्यांच्यात फरक एका कलमाचा. दोषारोपपत्रात असलेलं सगळं मागायचं, की फक्त फसवणुकीचं?

इथे दोन नियम एकमेकांच्या पायात पाय घालतात. पहिला, कृत्य दोन्ही देशांत गुन्हा असलं पाहिजे. कलमाचं नाव जुळायची गरज नाही, वागणं जुळलं पाहिजे. एमपीआयडी हे नाव लंडनमध्ये कुणी ऐकलेलं नाही, पण खोटं सांगून ठेवी घेणं हे ब्रिटनच्या २००६ च्या फ्रॉड अ‍ॅक्टमध्ये सरळ बसतं. ३०६ चं तसं नाही. ब्रिटनच्या १९६१ च्या आत्महत्येविषयीच्या कायद्यात, समोरच्यानं जीव द्यावा अशा हेतूनं उत्तेजन किंवा मदत केली असेल तर गुन्हा होतो. पैसे बुडाले, त्या धक्क्यानं माणूस गेला, हे त्यात बसवणं अवघड. खरं सांगायचं तर ते आपल्याकडेही अवघडच आहे, हेतू आणि चिथावणी दाखवल्याशिवाय ३०६ टिकत नाही हे आपलं सर्वोच्च न्यायालय पुन्हा पुन्हा सांगत आलंय. हा दोन्हीकडे गुन्हा असण्याचा नियम किती काटेकोर असतो? चिलीचे माजी हुकूमशहा ऑगस्तो पिनोशे यांच्या प्रकरणात मार्च १९९९ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयानं, छळाचे बरेचसे आरोप बाजूला काढले, कारण परदेशात केलेला छळ ब्रिटनच्या कायद्यात गुन्हा झाला तो सप्टेंबर १९८८ मध्ये, आणि ते आरोप त्याआधीचे होते.

दुसरा नियम विशिष्टतेचा. ज्या गुन्ह्यासाठी माणूस आणला त्याच गुन्ह्याचा खटला चालवायचा. आपल्या कायद्याच्या कलम २१ मध्ये हे स्पष्ट आहे: त्या देशाची संमती घेतल्याशिवाय, किंवा आरोपीला परत जायची संधी मिळाल्याशिवाय, दुसऱ्या गुन्ह्यासाठी त्याला उभं करता येत नाही. अबू सालेमचं उदाहरण मुंबई-ठाण्यात सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचं. २००५ मध्ये पोर्तुगालनं त्याला दिलं ते फाशी नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त कैद नाही या भारताच्या हमीवर. नंतर जास्तीची कलमं लावली म्हणून तो लिस्बनच्या न्यायालयात गेला, आणि २०११ मध्ये तिथल्या न्यायालयानं प्रत्यर्पण रद्द ठरवण्यापर्यंत मजल गेली. २५ वर्षांची हमी पाळावी लागेल हे आपल्या सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं.

दोन्ही नियम एकत्र वाचा. ३०६ मागितलं तर पहिल्या नियमात अडकणार. नाही मागितलं आणि माणूस आला, तर दुसऱ्या नियमामुळे ३०६ साठी त्याला हात लावता येणार नाही. कळव्यातल्या त्या गृहस्थांचं मरण दोन्हीकडून बाहेर.

पहिला निर्णय : ३०६ चं काय करायचं

मी वगळायचा सल्ला दिला. विशेष सरकारी वकिलांचंही तेच मत पडलं. आमच्या डोक्यात जुनं एक प्रकरण होतं: गुलशनकुमार हत्येत संगीतकार नदीम सैफी यांना मागितलं तेव्हा डिसेंबर २००० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयानं नकार दिला, आणि आरोप प्रामाणिकपणे, न्यायाच्या हेतूनं केलेला नाही इथपर्यंत म्हटलं. ओढूनताणून लावलेलं एक कलम दिसलं की बचाव पक्ष बाकीच्या कलमांवरही चिखल उडवणार, ही भीती.

मयताचा मुलगा माझ्या कोर्टनाक्याच्या ऑफिसात आला. ऐरोलीत एका कंपनीत नोकरीला, शिफ्ट संपवून थेट आलेला, गळ्यात ओळखपत्र तसंच. मी अर्धा तास समजावलं. दोन्ही नियम कागदावर काढून दाखवले. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मॅडम, पैशासाठी आणणार. बाबांसाठी नाही." मी म्हटलं, आणण्यासाठीच हे करतोय. वकील म्हणून ते उत्तर बरोबर होतं. तो उठला, चिठ्ठीची झेरॉक्स फायलीतून काढून घेऊन गेला. पुढची दोन वर्षं समितीच्या एकाही बैठकीला आला नाही.

दुसरा निर्णय : नवी मुंबईतले गुन्हे

मसुदा जवळजवळ तयार होता तेव्हा नवी मुंबईत त्याच कंपनीवर आणखी दोन गुन्हे दाखल झाले. कोपरखैरणे आणि ऐरोलीचे ठेवीदार म्हणाले, आमचंही मागणीत घाला. घालायचं तर त्या गुन्ह्यांतही दोषारोपपत्र, न्यायालयानं घेतलेली दखल, अजामीनपात्र वॉरंट हे सगळं हवं. त्यांशिवाय मंत्रालय मागणी पुढे नेत नाही. म्हणजे किमान वर्ष. न घालावं तर पुन्हा विशिष्टतेची भिंत.

इथे सुचलेला तोडगा विशेष सरकारी वकिलांचा, माझा नाही. कट एक, कंपनी एक, बँक खातं एक. मग नवी मुंबईच्या ठेवीदारांचे जबाब ठाण्याच्याच गुन्ह्यात पुरवणी दोषारोपपत्रानं जोडले आणि दोन्ही नवे गुन्हे त्याच तपासात वर्ग करून घेतले. चार महिने गेले. पण मागणीत ठेवीदार सगळे आले.

कागद

मागणी पहिल्यांदा परत आली ती भाषांतरामुळे. मराठी जबाबांत 'आमचे पैसे बुडवले' हे वाक्य शंभरेक वेळा होतं, आणि भाषांतरकारानं त्याचं इंग्रजी 'ड्राउन्ड' केलं होतं. जणू संचालकानं नोटा खाडीत नेऊन टाकल्या. हसू आलं, पण यात खरी मेख वेगळी होती. पैसे बुडणं हा व्यवहारातला तोटाही असू शकतो. न्यायालयाला हवं होतं ते हे, की पैसे घेतले त्या दिवशी देणार नाही हे त्याला माहीत होतं. आमच्या सहाशे जबाबांपैकी बहुतेकांत ही गोष्ट नव्हतीच. सगळ्यांत होतं, 'त्यांनी विश्वासात घेतलं.'

ती सापडली एका निवृत्त शिक्षिकेच्या डायरीत. बाई रोजचा खर्च लिहायच्या: दूध, भाजी, रिक्षा, आणि मध्येच कंपनीचं. ११ ऑक्टोबर २०१८ च्या पानावर मेथीच्या जुडीखाली लिहिलेलं: 'साहेबांना भेटले. म्हणाले कंपनीवर एक रुपया कर्ज नाही, उलट नवी शाखा काढतोय. ५०,००० दिले रोख, पावती सोमवारी.' त्याच आठवड्यात कंपनीचे तेवीस चेक न वटता परत गेले होते, आणि त्याच आठवड्यात संचालकानं मोठी रक्कम दुबईच्या खात्याकडे वळवली होती. बँकेचा उतारा आणि डायरीचं पान शेजारी शेजारी ठेवलं की खोटं कथन उभं राहतं. सहाशे पिवळ्या पावत्यांनी जे झालं नाही ते या पानानं केलं. मसुदा त्या एका आठवड्याभोवती पुन्हा लिहिला. अशाच तारखा असलेले आणखी नऊ ठेवीदार शोधले. उरलेले जबाब परिशिष्टात गेले.

दुसऱ्यांदा मागणी परत आली तुरुंगावरून, तो भाग पुढे सांगते. अखेर २०२२ च्या मध्याला कागद लंडनला गेले आणि २०२३ च्या सुरुवातीला अटक झाली. जामीन लगेच.

सुनावणी

वेस्टमिन्स्टर मॅजिस्ट्रेट न्यायालयात बचाव पक्षानं जवळजवळ प्रत्येक दार वाजवलं.

काही दारं पटकन बंद झाली. कंपनीच्या एका चेकवरून इथे जो जुना खटला झाला होता त्यात तो निर्दोष सुटला होता, म्हणून 'एकाच गुन्ह्यासाठी दोनदा' असं म्हणून पाहिलं. तो चेक वेगळा, आरोप वेगळा. २६/११ च्या हल्ल्यातला आरोपी तहव्वुर राणाच्या बाबतीत अमेरिकेच्या न्यायालयांनी हाच युक्तिवाद नाकारला आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याला इथे आणलं, तेव्हा मला हे दार आठवलं. काळ लोटला हेही चाललं नाही, पळून जाऊन लोटलेला काळ सहसा पळणाऱ्याच्या पदरात टाकत नाहीत. तब्येतीचं, म्हणजे खिन्नता आणि जिवाला धोका असल्याचा मानसोपचारतज्ज्ञांचा अहवाल, बराच वेळ चाललं. नीरव मोदी प्रकरणात असाच मुद्दा नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं फेटाळला होता, इथेही उपचारांच्या हमीवर तो मिटला. हा तपशील कुणीतरी त्या मुलाला सांगितला असणार. त्याचा मला दोन वर्षांत पहिला मेसेज आला: 'त्याच्या मनाचा अहवाल आहे फायलीत. बाबांचा एक कागद नाही.' मी उत्तर टाइप केलं, पुसलं, पुन्हा केलं, आणि पाठवलं नाही.

दोन ठिकाणी मात्र आम्ही खरोखर घसरलो.

एक बॅनर. २०१९ मध्ये समितीनं तलावपाळीपासून मोर्चा काढला होता. सहा बाय चारचं फ्लेक्स, त्यावर संचालकाचा फोटो, गळ्यात फास रंगवलेला, खाली 'आणा आणि फाशी द्या'. मोर्चाला आलेल्या एका स्थानिक पुढाऱ्यानं माइकवर त्याला चौकात फटके देण्याची भाषा केली. हे सगळं फेसबुकवर होतं. २०२३ मध्ये ते लंडनच्या बचाव पक्षाच्या फायलीत, पानांवर क्रमांक टाकून, अधिकृत भाषांतरासह आलं. मुद्दा असा की राजकीय वैर आहे आणि निष्पक्ष खटला होणार नाही. खरं तर फसवणुकीला आपल्याकडे फाशी नाहीच. जिथे आहे तिथेही, ज्या देशात त्या गुन्ह्याला मृत्युदंड नाही त्यानं आरोपी सोपवला तर फार तर जन्मठेप, असं आपल्या कायद्याचं कलम ३४ क सांगतं. युरोपात मृत्युदंडाच्या धोक्यावरून माणूस अडवण्याचा पाया युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या १९८९ च्या सोअरिंग निकालानं घातला, आणि भारतही अशा हमी देत आलाय. न्यायाधीशांनी बॅनरला फार किंमत दिली नाही. पण ते खोडायला दीड दिवस गेला, आणि तो फ्लेक्स मी स्वतः मोर्चाच्या आदल्या रात्री पाहिला होता. बदला असं म्हणाले नाही.

दुसरा तुरुंग. आणि इथे खरी लढाई झाली.

मानवी हक्कांच्या युरोपीय कराराचं कलम ३ अमानुष किंवा मानहानीकारक वागणुकीला मनाई करतं. भारताच्या मागण्या अलीकडे सर्वांत जास्त अडतात त्या इथे. क्रिकेट मॅच-फिक्सिंगमधला आरोपी संजीव चावला याच्या प्रकरणात तिहारच्या स्थितीवरून २०१७ मध्ये पहिला नकार आला. मग हमी दिली, उच्च न्यायालयानं ती २०१८ मध्ये मानली आणि २०२० मध्ये माणूस आला. विजय मल्ल्या प्रकरणात आर्थर रोडच्या बराक क्रमांक १२ चा व्हिडिओच न्यायालयाला दाखवावा लागला. मुंबईच्या लोकांना आपल्या गल्लीचा नंबर आठवणार नाही, पण बराक नंबर बारा लंडनच्या न्यायालयांत पाठ आहे. पुरुलियाच्या शस्त्रवर्षाव प्रकरणात तर डेन्मार्कनं किम डेव्हीला २०११ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये छळाच्या भीतीवरून नाकारलं.

आमच्या पहिल्या हमीपत्रात चार ओळी होत्या: आरोपीला नियमांनुसार ठेवण्यात येईल, वैद्यकीय सोय उपलब्ध आहे, वगैरे. परत. कुठला तुरुंग, कुठली बराक, किती कैदी, माणशी किती जागा? युरोपातली कसोटी माणशी तीन चौरस मीटर अशी आहे. मग एक कनिष्ठ अभियंता टेप घेऊन बराक मोजायला गेला. त्याचा नकाशा मी पाहिला: पेन्सिलीनं काढलेला, बाजूला आकडे, माणशी तीन पूर्णांक चार. पाठवला. लंडनहून एका ओळीचा प्रश्न आला: यात शौचालय धरलंय का? धरलं होतं. ते धरायचं नसतं. वजा केल्यावर आकडा तीनच्या खाली गेला. मग बराकीतली कमाल संख्या बांधून देणारी नवी हमी, त्यासाठी गृह विभागाची मंजुरी, पुन्हा पाच महिने. एका संडासामुळे पाच महिने, असं त्या डायरीवाल्या बाई म्हणाल्या, आणि त्यावर कुणी हसलं नाही.

निष्पत्ती

२०२४ मध्ये मॅजिस्ट्रेट न्यायालयानं फसवणूक आणि विश्वासघाताच्या आरोपांवर प्रकरण ब्रिटनच्या गृहमंत्र्यांकडे पाठवलं. गृहमंत्र्यांना फार थोड्या गोष्टी पाहायच्या असतात, मृत्युदंड आणि विशिष्टता त्यांत मुख्य. त्यांनी आदेश काढला. आरोपी अपिलात गेला, आणि तेवढ्यात फेब्रुवारी २०२५ मध्ये संजय भंडारी या शस्त्रव्यवहारातल्या दलालाच्या प्रकरणात तिथल्या उच्च न्यायालयानं तिहारमधल्या धोक्यावरून प्रत्यर्पण नाकारलं. आमच्या प्रकरणातल्या बचाव पक्षानं तो निकाल दुसऱ्याच दिवशी जोडला. आता अपील फक्त तुरुंगाच्या मुद्द्यावर उरलंय आणि हमीपत्राचा तिसरा मसुदा चालू आहे. अपील फेटाळलं गेलं तरी आश्रयाचा अर्ज हे एक दार उघडंच असतं, तो निकालात निघेपर्यंत ब्रिटन माणूस सोपवत नाही.

दरम्यान एमपीआयडीखाली दोन गाळे आणि घोडबंदर रोडचा फ्लॅट विकला गेला. ठेवीदारांना रुपयामागे अठरा पैसे मिळाले. बैठकीला आता तीस-चाळीस जण येतात.

वेगळं काय करता आलं असतं

दुबई. तो सात महिने तिथे होता. अमिरातीशी आपला १९९९ चा करार आहे. त्यात आपापले नागरिक न देण्याची सवलत आहे, पण हा भारतीय नागरिक, म्हणजे तो अडथळा नव्हता. आमच्याकडे दोषारोपपत्र नव्हतं. तातडीच्या अटकेची मागणी करण्याइतकं काही पहिल्या दोन महिन्यांत गोळा झालं असतं, जर समितीनं मोर्चावर घालवलेली ताकद बँकेच्या उताऱ्यांवर घालवली असती. लुकआऊट सर्क्युलरसाठीही चेक परत येऊ लागले त्याच महिन्यात तक्रार द्यायला हवी होती. लोक थांबले, कारण तक्रार केली तर पैसे अडकतील असं संचालकच सांगत होता.

हमीपत्र मोजमापासह सुरुवातीलाच पाठवायला हवं होतं. हे आता मी कुणालाही पहिल्या भेटीत सांगते, आणि समोरच्याला वाटतं मी विषय सोडून बोलतेय.

आणि ३०६. यावर माझं मत बदललंय. ब्रिटनमध्ये मागणीतल्या प्रत्येक गुन्ह्याचा स्वतंत्र विचार होतो. एका आरोपातून आरोपी मोकळा झाला म्हणून बाकीचे कोसळत नाहीत. आम्ही ३०६ ठेवलं असतं तर बहुधा तेवढंच गळून पडलं असतं, काही दिवस जास्त गेले असते, आणि अतिरेकी कलमं लावल्याचा एक जास्तीचा टोमणा ऐकावा लागला असता. कायद्याच्या दृष्टीनं शेवट तोच: ३०६ साठी त्याला इथे उभं करता आलं नसतं. फरक एवढाच की ते कलम एका न्यायाधीशानं, चिठ्ठी वाचून, कारण लिहून काढलं असतं. आम्ही ते माझ्या ऑफिसात, चहाचे कप बाजूला सारून काढलं. माझे सहकारी यावर सहमत नाहीत. त्यांच्या मते नियमात न बसणारं कलम मागणं म्हणजे घरच्यांना खोटी आशा दाखवणं. असेल.

एक गोष्ट मात्र केली, आणि ती तो मुलगा परत यायच्या आधी केली. प्रत्यर्पणाच्या मागणीत नसलं तरी ठाण्याच्या दोषारोपपत्रात ३०६ होतंच. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९९ खाली, आरोपी फरार असताना साक्षीदारांचे जबाब नोंदवून ठेवता यायचे, म्हणजे साक्षीदार पुढे राहिला नाही तरी जबाब राहतो. २०२२ मध्ये, लंडनची अटक व्हायच्या आधी, सरकारी वकिलांनी तसा अर्ज केला. त्या गृहस्थांच्या पत्नी तेव्हा एकाहत्तर वर्षांच्या होत्या. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात त्यांना खुर्ची दिली. चिठ्ठी दाखवून विचारलं, अक्षर कुणाचं? म्हणाल्या, "ह्यांचं." पैशाचं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "बुडवले. नणंदेचे पण बुडवले." एवढंच. पंचवीस मिनिटं लागली.

गेल्या महिन्यात मुलगा त्या जबाबाची सर्टिफाइड प्रत घ्यायला आला. आरोपी आला तर ३०६ साठी ब्रिटनची संमती मागता येते हे त्यानं कुठेतरी वाचलंय. तिथेही दोन्ही देशांत गुन्हा असण्याचा तोच उंबरठा आहे, हेही त्यानं वाचलंय. मी पुन्हा सांगितलं, त्यानं मान हलवली. आईच्या जबाबाचं इंग्रजी तो स्वतः करतोय, भाषांतरकाराकडे द्यायचं नाही म्हणाला. रविवारी त्याचा फोन आला: मॅडम, 'बुडवले'ला काय लिहू? आम्ही त्यावर बराच वेळ बोलत होतो.